डावीकडचं बाळ

रूपरावांचा जीव एका जागी कधी ठरलाच नाही. केळझरला पाट्या रंगवायचे तेव्हा एका पाटीसाठी चाळीस वेळा शिडीवरून उतरायचे, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघायचे, परत चढायचे आणि एवढासा कानामात्रा दुरुस्त करायचे. त्यांची बायको नलू म्हणायची, देवानं या माणसाला बूड द्यायचं विसरून त्याऐवजी जास्तीचे पाय लावले. पुढे वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजात त्यांना आर्टिस्टची नोकरी लागली. काळीज, किडन्या, आतडी यांचे मोठमोठे तक्ते रंगवता रंगवता बावीस वर्षं गेली, तरी बूड काही फुटलं नाही.

तक्त्यांचे दिवस संपवले ते बालरोग विभागाच्या मोहिनी मॅडमनी. दोन हजार चार साली त्यांनी रूपरावांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की लेकरांचा न्यूमोनिया तक्त्यावर दिसत नाही, कारण तो हलतो. शिकाऊ डॉक्टरांना तो हलताना दाखवायला हवा. वॉर्डात दाखवायचा तर एका आजारी बाळाभोवती वीस पोरं गोळा होतात, बाळ रडायला लागतं आणि रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजण्यात अर्थ नसतो. म्हणून हलतं चित्र हवं, ॲनिमेशन हवं, आणि ते बाहेरून विकत आणलेलं गोऱ्या बाळाचं नको, आपल्याकडच्या लेकराचं हवं. रूपराव पन्नाशीला टेकलेले. तरी सहा महिने रोज सायकलीवरून वर्ध्याच्या कॉम्प्युटर क्लासला गेले आणि अठरा वर्षांच्या पोरांशेजारी बसून शिकले. पोरं त्यांना आधी आजोबा म्हणायची, मग त्यांचा हात बघून सर म्हणायला लागली.

विभागाच्या अडगळीच्या खोलीत त्यांना एक जुना कॉम्प्युटर मिळाला. त्यावर त्यांनी दोन बाळं काढली, शेजारी शेजारी, उघड्या पोटाची, कमरेला काळा करगोटा बांधलेली. डावीकडचं ठणठणीत, उजवीकडचं न्यूमोनियाचं. उजवीकडच्या बाळाचा एक श्वास म्हणजे तेरा चित्रं: सहा चित्रांत पोट वर, सात चित्रांत खाली, आणि श्वास आत जाताना बरगड्यांच्या खाली खळगा. डावीकडच्याचा श्वास वीस चित्रांचा, सावकाश. त्यासाठी ते महिनाभर वॉर्डात खाटांच्या कडेला उभे राहिले होते. शेवटी मनगटावरचं घड्याळ समोर धरून पडद्यावरचे श्वास मोजले. डावीकडचं मिनिटाला छत्तीस, उजवीकडचं पंचावन्न. मोहिनी मॅडमनी स्वतः त्याच खोलीत उभं राहून आपल्या घड्याळावर मोजलं आणि पास म्हणाल्या. खाली अक्षरं टाकली: वर्षाच्या आतलं बाळ, पन्नास किंवा जास्त म्हणजे धोका, पूर्ण मिनिट मोजा. ती अक्षरं मात्र रूपरावांनी पाटीच्या वळणाची काढली, राहवलं नाही म्हणून.

दोन हजार पाचच्या मार्चात नव्या इंटर्न डॉक्टरांच्या बॅचला तो व्हिडिओ मोठ्या हॉलमध्ये दाखवला. हॉलमधला कॉम्प्युटर नवाकोरा होता. रूपराव मागच्या दाराशी उभे होते. पडद्यावर बाळं हलायला लागली आणि त्यांना चमत्कारिक वाटलं. उजवीकडचं बाळ धावत सुटल्यासारखं धापा टाकत होतं. पण त्यांनी मनाची समजूत घातली की मोठ्या पडद्यावर सगळंच जोरात दिसतं. तेवढ्यात साठ पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या, मॅडमनी नाव पुकारलं, हातात पुष्पगुच्छ आला. कौतुक चाललेलं असताना घड्याळ काढून बघेल असा माणूस अजून जन्मायचाय. रूपरावही काही तो नव्हते.

पोरांना व्हिडिओ इतका आवडला की त्यांच्या बोलण्यातच ते शब्द शिरले. वॉर्डात तपासून आली की एकमेकांना सांगायची, तीन नंबरचं उजवीकडचं आहे, पाच नंबरचं डावीकडचं. रूपराव व्हरांड्यातून जाताना हे ऐकायचे आणि उगाच एक फेरी जास्त मारायचे.

मग ती बॅच खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांत पांगली. कोणी केळझरला गेलं, कोणी कारंजा घाडग्याला. ठाण्याचा अंकित नावाचा पोरगा आंजीला गेला. रूपरावांची मुलगी मयुरी आंजीलाच दिलेली. जावई हेमराजचं तिथं किराणा दुकान. मयुरीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं आणि चार महिन्यांचा नातू घेऊन ती नुकतीच सासरी परतली होती.

पोळा तोंडावर आला होता. सोमवारी दुपारी मयुरीचा विभागात फोन आला. नातवाला तीन दिवस सर्दी-खोकला होता. हेमराज पोळ्याचा माल भरायला नागपूरला गेलेला, म्हणून ती आणि तिची सासू कौशल्याबाई बाळाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या होत्या. तिथं कौशल्याबाईंनी डॉक्टरला स्वच्छ सांगितलं होतं, लेकराले डब्बा झाला.

आपल्याकडे डब्बा म्हणजे काय ते शेंबडं पोरही सांगेल. लेकराची छाती भरते, पोट उडायला लागतं, तो डब्बा. ठाण्याच्या डॉक्टरला डब्बा म्हटलं की दुधाच्या पावडरचा आठवतो. त्यानं कौशल्याबाईंना अंगावरच्या दुधाचं महत्त्व पाच मिनिटं समजावून सांगितलं आणि डबा ताबडतोब बंद करायला लावला.

"मी तं डब्बा पाजतच नाई, बाबा," मयुरी फोनवर म्हणाली, आणि रूपराव डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

पण तिला विचारायचं होतं ते वेगळंच. डॉक्टरनं बाळाचं पोट बघून सांगितलं होतं की घाबरू नका, हे डावीकडचं बाळ आहे. सर्दीचं औषध देऊन परत पाठवलं होतं. सासूबाई काही ऐकत नव्हत्या, वर्ध्याला न्या म्हणत होत्या. डावीकडचं म्हणजे काय असतं, असं तिनं विचारलं.

आता रूपराव खुर्चीतून उठूनच उभे राहिले. ऊर भरून आला. त्यांनी लेकीला सगळं सांगितलं, दोन बाळं, डावीकडचं आणि उजवीकडचं, आणि तो डॉक्टर आपल्याच व्हिडिओवर शिकला हेही सांगितलं. कौशल्याबाई जुन्या वळणाच्या, त्यांना प्रत्येक खोकल्यात डब्बाच दिसायचा, असंही वर म्हणाले.

"मंग वर्धेले नेऊ नको ना?" मयुरीनं विचारलं.

"कायले नेतं? डॉक्टर डावीकडचं म्हणला ना? बस झालं मंग."

बुधवारी सकाळी अडगळीच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर उचलून नेला आणि नवा आणून बसवला. मॅडमना व्हिडिओत एक वाक्य बदलून हवं होतं. रूपरावांनी फाइल उघडली, चालू केली, आणि दोन्ही बाळं त्यांच्यासमोर भराभर धापा टाकायला लागली. मार्चात हॉलमध्ये दिसलं होतं अगदी तसंच, आणि इथं तर मोठा पडदा नव्हता.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. उजवीकडचं एकशे दहा. परत मोजलं. एकशे दहा. डावीकडचं मोजलं तर बहात्तर. त्यांना वाटलं घड्याळच पळतंय, म्हणून बाहेर येऊन भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. घड्याळ बरोबर होतं.

कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. फाइलमध्ये सेकंदाला चोवीस चित्रं लिहिलेली होती. जुन्या कॉम्प्युटरला तेवढी पेलायची नाहीत, तो बिचारा दमेकरी, सेकंदाला बाराच फिरवायचा. आणि त्याच्या त्या दम्यावर रूपरावांनी दोन लेकरांचा श्वास बेतला होता. नव्या कॉम्प्युटरवर सगळं दुप्पट होत होतं. हॉलमध्ये साठ डॉक्टरांनी पाहिलं ते हेच दुप्पट. त्यांच्या डोळ्यांत बसलेलं ठणठणीत बाळ मिनिटाला बहात्तर श्वास घेत होतं, आणि पन्नासला धोका असतो. म्हणजे साठ-पासष्टाच्या श्वासाचं खरोखरचं आजारी लेकरू यांच्यापुढे ठेवलं तर ते त्यांना डावीकडचंच दिसणार. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसून म्हणतात. रूपरावांना हसू आलं नाही. डावीकडचं हा शब्द त्यांनी परवाच फोनवर ऐकला होता.

तरी त्यांनी मनाला आणखी एक संधी दिली. व्हरांड्यात गुंजन नावाची इंटर्न भेटली, त्याच बॅचची, पण पोस्टिंग वॉर्डात असलेली. तिला त्यांनी थांबवलं आणि उजवीकडचं बाळ कसा श्वास घेतं ते हातानं दाखवायला सांगितलं. ती हसली, हात वर केला आणि मूठ उघडमीट करायला लागली. रूपरावांची नजर घड्याळावर. पंधरा सेकंदांत सत्तावीस. मग डावीकडचं दाखवायला सांगितलं. पंधरा सेकंदांत अठरा. पोरगी हुशार, तिनं पाच महिन्यांत तिळभरही चूक केली नव्हती.

त्यांनी तिला काय झालंय ते सांगितलं. गुंजनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग ती म्हणाली की खाली पन्नासचा आकडा लिहिलेला आहे, घड्याळ लावून मोजायचं असतं हे सगळ्यांनाच माहीत आहे.

"तुम्ही मोजता?" रूपरावांनी विचारलं.

पोरगी प्रामाणिक होती. तिनं थोडा विचार केला. "गर्दी असली की नाही मोजत, काका. बघूनच कळतं ना."

रूपराव खोलीत परत आले आणि आंजीच्या दुकानाचा नंबर फिरवला. रिंग जात राहिली. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. हेमराज नसला की दुकानात कौशल्याबाई बसायच्या. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात किराणा दुकानात फोन उचलायला कोणी नाही म्हणजे दुकान बंद आहे, आणि दुकान बंद आहे म्हणजे घरात काहीतरी आहे. मॅडम परीक्षा घेत होत्या, दारावर शिपाई बसलेला. रूपरावांनी चिठ्ठी लिहिली: व्हिडिओ चुकला आहे, कोणाला दाखवू नये, बॅचला कळवावे, मी आंजीला जातो. पाटीच्या वळणाचं अक्षर त्या चिठ्ठीत कुठंच नव्हतं. ती शिपायाच्या हातात दिली आणि ते निघाले.

रिक्षानं वर्ध्याच्या स्टँडवर आले. आंजीवरून जाणारी आर्वीची गाडी लागलेली होती, पण सुटायला वीस मिनिटं. रूपराव बसले, उठले, खाली उतरले, कंडक्टरला विचारून आले, परत बसले. गाडी सुटल्यावर तर पंचाईतच झाली, कारण चालत्या गाडीत फेऱ्या मारता येत नाहीत. मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. पुढच्या सीटवर झोपलेल्या म्हाताऱ्याचे खांदे मोजले, सोळा. ड्रायव्हरच्या पाठीवरचा शर्ट मोजला, खड्ड्यांमुळे जमेना. शेजारच्या रांगेत एक बाई मांडीवर तान्हं घेऊन बसली होती. त्याचं पोट मोजायला लागले तेव्हा त्या बाईनं त्यांच्याकडं रोखून पाहिलं आणि लेकरावर पदर ओढला.

"काऊन पाहून राह्यले हो लेकराकडे?"

"श्वास मोजून राह्यलो, बाई."

बाईनं लेकरू दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि खिडकीकडं तोंड करून बसली. रूपरावांचं तोवर अर्धं मिनिट मोजून झालं होतं. एकोणीस. म्हणजे अडतीस. खरंखुरं डावीकडचं बाळ असं असतं, सावकाश. ते पाहून त्यांना आणखी वाईट वाटलं. महिनाभर वॉर्डात उभं राहून त्यांनी हेच तर काढलं होतं, नेमकं हेच.

वाटेत त्यांनी नाना तऱ्हांनी हिशेब मांडला. कदाचित सर्दीच असेल. कदाचित कौशल्याबाईंनी कोणाचं न ऐकता बाळाला वर्ध्याला आणलंही असेल. विहीणबाईंचा हट्टी स्वभाव त्यांना आजवर कधी आवडला नव्हता. आज त्यांनी त्यासाठी देवाला हात जोडले. पण आणलं असतं तर मयुरी विभागात आली नसती का? ती आली नव्हती. कारण बापानं कायले नेतं म्हटलं होतं.

आंजीला दुकानाचं शटर खाली होतं. मागच्या दारानं ते घरात शिरले. ओव्याच्या शेकाचा वास येत होता. मयुरी भिंतीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले. कौशल्याबाईंच्या मांडीवर बाळ होतं. दोन दिवस ते नीट दूध ओढत नव्हतं, सकाळपासून तर तोंडच लावत नव्हतं. कौशल्याबाईंनी रूपरावांकडं पाहिलं आणि त्या एवढंच म्हणाल्या की आता तरी पाहा.

रूपरावांनी झबलं वर केलं. मोजायच्या आधीच त्यांना कळलं, कारण बरगड्यांखालचा तो खळगा त्यांनीच सहा चित्रांत काढला होता. तरी त्यांनी घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. अडुसष्ट आले.

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. अंकित बाहेरच्या खोलीत बसला होता आणि समोर पन्नासेक माणसांची रांग. रूपराव रांग तोडून आत घुसले, लोक ओरडले, त्यांना ऐकूही आलं नाही. अंकितनं त्यांना ओळखलं आणि तो उठून उभा राहिला. रूपरावांनी बाळ टेबलावर ठेवलं, स्वतःचं घड्याळ काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि मोजायला सांगितलं. पोरगा वाकला, मोजायला लागला. चाळीस सेकंदांतच त्याच्या ओठावर घाम आला, पण त्यानं मिनिट पुरं केलं.

"सोमवारी डावीकडचंच वाटलं होतं, काका," तो म्हणाला. "शप्पथ, डावीकडचंच होतं."

रूपरावांनी त्याला तिथं काहीच सांगितलं नाही. सांगायला वेळ नव्हता, हे खरं. पण धीर नव्हता, हेही तितकंच खरं. अंकितनं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, जीप बोलावली आणि रांगेतल्या लोकांना नर्सच्या हवाली करून स्वतः जीपमध्ये बसला. वर्ध्यापर्यंत त्यानं बाळाच्या नाकापुढचा मास्क हातानं धरून ठेवला होता. मयुरी एका बाजूला, कौशल्याबाई दुसऱ्या बाजूला. रूपराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि सारा रस्ता मागं मान वळवून होते. ड्रायव्हरनं दोनदा सांगितलं की नीट बसा, मग त्यानं नाद सोडला.

कॉलेजच्या दवाखान्यात मोहिनी मॅडमच होत्या. चिठ्ठी त्यांना मिळाली होती. त्यांनी बाळाला तपासलं, सलाइन लावलं, आणि मग रूपरावांना बाजूला घेऊन म्हणाल्या की आणखी एक दिवस गेला असता तर त्यांना काही करता आलं नसतं. व्हिडिओ बंद केला होता. खेड्यांतल्या दवाखान्यांना फोन लावणं सुरू होतं. मोजण्यातली चूक आपलीही आहे, दोघांनी मिळून मोजलं होतं, असंही त्या म्हणाल्या. भल्या बाई त्या. पण वाटून घेतली म्हणून ती काही हलकी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाळाचा श्वास थोडा खाली आला. कौशल्याबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या, मयुरी उशाशी. रूपराव वॉर्डाच्या दारापासून खाटेपर्यंत फेऱ्या मारत होते. त्यांनी अजून लेकीला काही सांगितलं नव्हतं. ती मधूनच त्यांच्याकडं बघायची आणि त्या नजरेत रागाचा मागमूस नव्हता. उलट बाप वेळेवर धावून आला असंच तिला वाटत होतं, कौशल्याबाईंपाशी ती तसं म्हणालीही होती. ते ऐकून रूपरावांना वॉर्डातून पळून जावंसं वाटलं.

त्याच वेळी अंकित बाळाला बघायला आला, आणि मागोमाग नागपूरहून हेमराज. हेमराज तसा गरीब माणूस, गिऱ्हाइकाशीही कधी चढ्या आवाजात न बोललेला. त्यानं बाळाकडं पाहिलं, नाकातली नळी पाहिली, याच डॉक्टरनं परत पाठवलं होतं का, असं मयुरीला विचारलं, आणि अंकितची कॉलर धरून त्याला भिंतीला टेकवलं. वॉर्डातल्या आया उठून उभ्या राहिल्या. अंकितनं हात वर केला नाही. आपली चूक झाली, आपण मोजलं नाही, एवढंच तो म्हणत राहिला.

रूपरावांना तेव्हा गप्प राहता आलं असतं. पोरगं स्वतःच्या तोंडानं चूक कबूल करत होतं. चार दिवसांनी तो ठाण्याला गेला असता, सहा महिन्यांनी सगळे विसरले असते, आणि लेकीच्या डोळ्यांत बाप धावून आलेलाच राहिला असता. मोह त्यांना झाला, आणि चांगला पाच-सहा श्वास झाला. मग ते पुढं झाले आणि त्यांनी जावयाच्या मनगटावर हात ठेवला.

"सोडा त्याले, जवाईबापू. त्यानं मोजलं नाई, हे खरं हाय. पण त्याची नजर मी बिघडवली. माह्या व्हिडिओतलं चांगलं लेकरू बिमार लेकरासारखं श्वास घेते. मशीनचा घोटाळा झाला अन् मले समजला नाई. मार्चातच डोळ्याले खटकलं होतं, पण लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते, मी नाई पाह्यलं." त्यांनी मयुरीकडं पाहिलं. "अन् सोमवारी मयुरीले थांब म्हणणारा बी मीच. इहीनबाई बरोबर होत्या."

हेमराजचा हात आपोआप सुटला. सासऱ्याची कॉलर धरायची रीत नाही, त्यामुळं तो हात त्याला कुठं ठेवावा कळेना. अंकित भिंतीशीच उभा राहिला आणि रूपरावांकडं बघत राहिला. चार माणसांत आपलं खरं ठरलं याचा कौशल्याबाईंना आनंद झाला असेल, पण खाटेवरचं लेकरू त्यासाठी एवढं भोगून बसलं होतं, तेव्हा तो आनंद त्यांनी तोंडावर येऊ दिला नाही.

मयुरी उठली. ती बापाजवळ आली. तिनं रडावं, चार शब्द सुनवावेत, असं रूपरावांना फार वाटलं. तसं काही झालं नाही.

"घड्याळ हाय ना हातात?" तिनं विचारलं.

"हाव."

"मंग बसा इथं अन् मोजा. मी तीन राती झोपली नाई." तिनं स्टूल खाटेजवळ ओढलं. "अन् बाबा, मले बरा हाय म्हणून सांगू नका. आकडा सांगजा."

ती शेजारच्या रिकाम्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. हेमराज अंकितला घेऊन बाहेर गेला. चहा पाजायला की आणखी काही विचारायला, ते रूपरावांनी पाहिलं नाही. ते स्टुलावर बसले. बाळ झोपलं होतं. त्यांनी सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहिली आणि मोजायला सुरुवात केली. मधे कोणी हाक मारली, त्यांनी मान वर केली नाही. पाय हलायला लागले तेव्हा एका हातानं गुडघा दाबून धरला.

मिनिट संपलं. पन्नास. एक जरी कमी असता तर धोक्याच्या खाली आला असता. शेवटचा श्वास काटा बारावर पोचताना आला होता. धरला तर धरला, नाही तर नाही, आणि वॉर्डात दुसरं कोणी मोजत नव्हतं. रूपरावांना तो सोडून द्यावासा फार वाटला.

"किती?" भिंतीकडं तोंड केलेली मयुरी म्हणाली. ती जागीच होती.

"पन्नास," रूपराव म्हणाले.

मग तिनं पदर तोंडावर ओढून घेतला, आणि हळूहळू तिला झोप लागली.